थंडी कुठे साचते

देल्मिरोने आधी दाखवली ती खालची जमीन.
नदीलगतची, काळी, लोण्यासारखी.
पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत.
"इथे बटाटा हसतो," तो म्हणाला
आणि माझ्या वहीकडे बघत राहिला.

मी खड्डा खणला.
कमरेएवढ्या खोलीवर पाणी झिरपायला लागलं,
मातीत निळसर राखाडी डाग.
इथे वेलीचे पाय वर्षभर ओले राहतील,
पानं माजतील, रस फिका पडेल.
गॅलिशियात 'नको' सांगायची रीत अशी
की आधी खूप वेळ हवापाण्याबद्दल बोलायचं.
मी बोलले.
त्याला कळलं.

"वर एक तुकडा आहे," जरा ओशाळून,
पाहुण्यांना अडगळीची खोली दाखवावी तसा.

वर नुसत्या पाटीच्या दगडाच्या कपच्या.
रायचं पीक गुडघ्याच्या वर कधी गेलं नाही.
त्याच्या बापाने, अमारोने,
चाळीस वर्षं तिथले दगड वेचले.
टोपली, पाठ, टोपली, पाठ.
त्यांची भिंत झाली खालच्या बांधावर,
छातीएवढी, चुन्याशिवाय रचलेली,
इतकी नेटकी की पालसुद्धा विचार करून शिरते.

होकायंत्र म्हणालं दक्षिण, किंचित पूर्वेला.
उतार चौदा टक्के.
आम्लाचे थेंब टाकले, फेस नाही; चुना द्यावा लागेल.
हातभर माती, मग खडक,
पण खडक तडकलेला,
आणि त्या फटींत कधीच्या मेलेल्या चेस्टनटची मुळं,
केसांसारखी, खाली, अजून खाली.
मूळ जिथे गेलंय तिथे मूळ जाऊ शकतं.
एवढंच माझं शास्त्र. बाकी आकडे.

एप्रिलमधल्या एका निरभ्र रात्री
आम्ही वरच्या टोकाला ओला पेंढा पेटवला.
धूर जरासा उठला, बिचकला,
आणि जमिनीला चिकटून उतरू लागला,
सांडलेल्या दुधासारखा, घाई न करता.
बॅटरीच्या उजेडात आम्ही त्याच्या मागे मागे.
भिंतीपाशी तो थांबला.
वळला. साचला. वर चढत गेला
आमच्या गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत.
वरच्या खुंटीवर पारा अधिक दोन.
इथे उणे अडीच.

"म्हणून इथली राय करपायची," देल्मिरो म्हणाला.
"बाबा म्हणायचे, माझ्या घामात मीठ फार."

मी सांगितलं ते मला सांगायचं नव्हतं.
भिंत मध्यावर फोडा, तीन मीटर,
थंडीला खाली नदीकडे जायला वाट द्या.
आणि ते दगड वेलींच्या बुडाशी पसरा,
दिवसाची ऊब ते रात्री परत करतात.

त्याची बहीण एउदोसिया कॉफीचा थर्मास घेऊन आली होती.
"म्हणजे बाबांनी बाहेर काढले ते आत,"
ती म्हणाली, आणि हसली,
मग हसणं अर्ध्यावर सोडून
तिने कप मोजायला घेतले. तीनच होते.

अर्जात रकाना असतो : योग्यता, एक ते पाच.
मी पेन्सिलीने 'दोन' लिहिलं,
पुढे कंसात : भिंतीवर अवलंबून.

सकाळी निघताना पाहिलं,
सगळ्यात वरचा एक दगड देल्मिरोच्या हातात.
तो उलटून पाहत होता,
जणू खालच्या बाजूला काही लिहिलेलं असावं.
मग जागच्या जागी ठेवू लागला.
असा ठेवला, तसा ठेवला.
आता तो बसेना.