बोटभर जागा

वेगात असली की ती तापत नाही.
तापते उभी राहिली की.
स्वारगेटच्या सिग्नलला, एकशे चाळीस सेकंद,
मागून हॉर्न, पुढून पीएमटीचा धूर,
आणि काटा पांढऱ्यातून लालात
मांजराच्या पावलांनी.

डुक्कर फियाट, सन बासष्ट.
रेडिएटर मूळचा नाही. नाना पेठेतल्या इकबालभाईंनी
जाड गाभ्याचा बसवून दिला, म्हणाले,
"पानी ज्यादा, टेन्शन कम."
पाणी वाढलं. जागा गेली.
पंखा आणि जाळी यांच्यामध्ये आता
करंगळी तेवढी आडवी जाते,
तीही सालपटून.

पंखा वारा ओढतो,
पण बाजूबाजूचा, फुकटचा,
गाभ्यातून आलेला नाही.
त्याच्याभोवती पत्र्याचा घेर हवा,
म्हणजे वाऱ्याला पळवाट उरणार नाही.

एकतीस वर्षं मी पिंपरीत ड्रॉइंग काढली.
दुसऱ्यांनी बसवायच्या वस्तू
कागदावर बसवल्या.
कागदावर हाताला जागा लागत नाही,
पान्याला वळायला लागत नाही,
कोपर कशाला भाजत नाही.

साचा केला लक्ष्मी रोडच्या साडीच्या खोक्याचा.
तांबट आळीत वडक्यांनी तो उलटासुलटा पाहिला.
"बंब केले, घंगाळं केली,
जन्मभर पाणी तापवायचीच भांडी.
हे पहिलंच, निववायचं."
आणि ठोकायला बसले.

आता घेर आधी की पंखा आधी?
घेर आधी, तर पंखा शिरत नाही.
पंखा आधी, तर घेर.
शेवटी घेर पंख्याच्या गळ्यात अडकवून
दोन्ही एकदम खाली सोडायचे,
वरचा होज वाकवून, पुली चुकवून,
श्वास धरून.
तीनदा सोडले. तीनदा वर काढले.

शालन बॅटरी धरून उभी.
"उजेड इकडे."
"तुमचं डोकं मध्ये आहे."
"खाली. खाली गं."
"खाली म्हणजे कुणाच्या खाली?"
सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा येऊन
फरशीवरचे तेलाचे डाग मोजून गेला.

मग बोल्ट पडला.
पडल्याचा आवाज आला,
जमिनीवर पोचल्याचा आला नाही.

तिने बॅटरी माझ्या हातात दिली,
बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या
आणि हात घातला,
मी मोजून ठेवलेल्या, अशक्य म्हणून सोडलेल्या फटीत,
कोपरापर्यंत.
डोळे भलतीकडेच, समोरच्या भिंतीवर,
सुईत दोरा ओवताना असतात तसे.
बोल्ट आला. सोबत एक जुना वायसर,
कुणाचा, कधीचा, देव जाणे.

हात तसाच आत ठेवून तिने विचारलं,
"इंजिन चालू झालं की हलतं ना?"
"हलतं. रबरावर बसलंय."
"आणि हे तुमचं पितळी कडं?"
"ते रेडिएटरला. ते हलत नाही."
"मग माया किती ठेवलीत?"

ड्रॉइंगमध्ये मी सहा मिलिमीटर लिहिले होते.
बाजूला क्लिअरन्स असा शब्द, सुवाच्य.
तिने नारायण पेठेत तीस वर्षं ब्लाउज शिवले,
नवऱ्या मुलींचे, त्यांच्याच बाळंतपणानंतरचे,
आतली शिवण उसवून पुन्हा तेच.
"बेताचं शिवलेलं," ती म्हणाली,
"फक्त हँगरवर छान दिसतं."

चौथ्यांदा वर काढलं.
तिने तिच्या खडूने आत गोल रेघ मारली,
मोजपट्टी न घेता, बोट धरून.
मी कातर चालवली, मग कानस,
दिवेलागणीपर्यंत.

चावी फिरवली.
इंजिन आधी अंग झाडतं, म्हाताऱ्या बैलासारखं,
तेव्हा पातं कडेला इतकं जवळ गेलं
की माझे दात आवळले.
शिवलं नाही.

रविवारी स्वारगेट. एकशे चाळीस सेकंद.
पंखा, मागून हॉर्न, आणि काटा मधोमध.
तेवढ्यात काहीतरी किणकिणलं.
मी कान दिला. नट सुटला असणार, नक्की नट,
पुलीचा, नाहीतर...
"खिसा बघा," शालन म्हणाली,
"चार दिवस शोधतेय मी."