फणसाचा संत

जांबोटीच्या रस्त्यावरचं ते छोटं चर्च,
सध्या कौलं उतरवलेलं,
तिथला संत माझ्याकडे आला
घोंगड्यात गुंडाळून, टेम्पोतून,
उजवा हात मनगटापर्यंत वाळवीनं खाल्लेला.

सोबत इनासबाबा. घंटा वाजवतात तिथं.
चहा बशीत ओतत म्हणाले,
"हातात कुऱ्हाड होती, मेस्त्री. माझ्या लहानपणी."
संताचं नाव त्यांच्या तोंडून
दरवेळी थोडं वेगळं निघत होतं.

बाराशे वर्षं झाली म्हणे,
हा दर्यापलीकडून नावेनं आला
गारठ्याच्या मुलखात. भाषा येत नव्हती.
पहिल्याच उपदेशात
'देव' म्हणायला गेला आणि 'मेंढरू' म्हणाला.
लोक हसले. तोही हसला.
मग एका म्हातारीनं शिकवलं त्याला
मीठ, आग, उद्या.
तीन हिवाळे त्यानं नुसतं ऐकलं.

हे मला पटलं.
आमच्या आईनं कन्नड अशीच उचलली, खानापूरच्या बाजारात,
आधी उप्पू.
मी अजून बसची पाटी विचारून घेतो.

पुढचं इनासबाबा हळू बोलले.
त्या लोकांचं एक झाड होतं,
त्याला कुणी पातं लावत नसे.
यानं लावलं.
आता वीज पडणार म्हणून गाव बघत राहिलं.
पडली नाही.
त्याच लाकडाची यानं इगर्ज बांधली.

"कुठलं झाड?"
"मोठं," म्हणाले. एवढंच ठाऊक होतं.

आमच्या गावामागं सातेरीची राई आहे.
तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही.
लहानपणी मी एक आणली,
दहा दिवस तापानं पडलो.
डास चावले असतील.
काटकी मात्र परत नेऊन ठेवली.

रात्री रंग खरवडला.
निळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली
हळदीसारखं लाकूड. फणस.
म्हणजे इथलाच.
कुणा सुतारानं, नाव न कोरता,
हा परका आपल्या परसातनं काढला,
पायाच्या नखांसकट.

हाताला चार दिवस लागले.
मूठ वळलेली, मुठीत आरपार भोक,
भोकात दांडा, पॉलिश मारलेला.
पातं केलं नाही.

फादर लिगोरींनी दोनदा फिरवून बघितलं.
"ही काठी?"
"दांडा," मी म्हणालो. "पात्याचे पैसे लावले नाहीत."
इनासबाबांनी मुठीवरून अंगठा फिरवला,
काही बोलले नाहीत,
घोंगडं झटकून टेम्पोत चढले.

पिवळा भुसा अजून पोत्यात आहे.
बायको दोनदा म्हणाली, बंबात घालू?