अर्ध्या मिलिमीटरची फट

तांबट आळीत पहिल्या मजल्यावर
भाडं कमी, म्हणून आमची प्रयोगशाळा.
खाली ठोका पडतो,
वर कपातला चहा थरथरतो.
तहसीन म्हणते, ठोक्यानं आलेख हलत नाही,
आपलंच लक्ष हलतं.

काम सांगायला सोपं.
द्राक्षांच्या क्रेटला एक चिठ्ठी चिकटवायची,
दारातून जाताना तिनं आपला नंबर सांगायचा.
बॅटरी नाही, तार नाही.
विचारणाऱ्याच्या हाकेतूनच ती चिमूटभर जीव घेते
आणि त्याच हाकेला किंचित मुरड घालून
परत पाठवते.

करायला मात्र:
आठशे सहासष्ट मेगाहर्ट्‌झची लाट
चौतीस सेंटिमीटर लांब.
अँटेना तिच्या निम्मा तरी हवा, असं पुस्तक सांगतं.
मखमलाबादचे पिंगळे पुस्तक वाचत नाहीत.
"टपालाच्या तिकिटाएवढंच बसवा, बाई,
बाकी जागा एक्स्पोर्टच्या लेबलची."

शिवाय द्राक्षं.
द्राक्ष म्हणजे सालीत बांधलेलं पाणी,
आणि पाणी लाट पिऊन टाकतं,
ढेकरसुद्धा देत नाही.
कोऱ्या पुठ्ठ्यावर सहा मीटरवरून बोलणारी चिठ्ठी
थॉमसनच्या घडाला टेकली की मुकी.

म्हणून मेटामटेरियल.
नाव भारी, वस्तू तांब्याचीच:
कड्यात कडं,
दोन्हींना एकेक फट,
एकीचं तोंड ओझरकडे, दुसरीचं सातपूरकडे.
अशी कडी दाटीनं मांडली की
साध्या तांब्याला जे जमत नाही ते जमू लागतं,
लाटेची लांब वाट
इवल्याशा अंगणात गुंडाळून बसते.
गुण धातूचा नाही,
मांडणीचा.

अठरा नमुने झाले. एकोणिसावा
फेरिक क्लोराइडच्या ताटलीत हलवत होते,
तेव्हा अच्युतराव तांबट लाइटबिल घेऊन वर आले.
बोटांना पितळेचा वास,
कानांना थोडं कमी.
भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं.
"पोरी, कडं उघडं राहिलंय.
खाली पाठव, डाख देतो."

मी ओरडूनच सांगितलं,
सांधलं तर गप्प बसेल, काका.
फट आहे म्हणून ते वाजतं.

"आमच्याकडे फट राहिली की भांडं गळतं."

आमच्याकडे त्या फटीतच सगळं साठतं.

त्यांनी भिंग शर्टाला पुसलं.
पटलं की नाही, कळलं नाही.
"बिल सोळाशे चाळीस," म्हणाले,
आणि जिना उतरताना
कठड्यावर दोनदा टिचकी मारून पाहिली.

जानेवारीत, निफाडला पारा पाचवर असताना,
पिंगळ्यांच्या शीतगृहाच्या दारात
आम्ही दोघी, कानटोप्या घालून,
रीडर धरून उभ्या.
चाळीस क्रेट गेले.
सदतीस बोलले.
हमाल हसला, म्हणाला, माझ्या पोरांपेक्षा बरे,
हाक मारली की ओ तरी देतात.

तीन गप्प.
एकीला हुकाचा ओरखडा होता,
एकीवर दव गोठलेलं.
तिसरीला काहीच नव्हतं.
धड, कोरडी, सरळ, आणि गप्प.

ती खिशात घालून आणली.
रात्री साडेदहा, आळी थंड,
खालचा ऐरण झाकलेला.
सूक्ष्मदर्शकाखाली आतलं कडं धरलं
आणि दिसला:
ताटलीत विरघळायचा राहून गेलेला
तांब्याचा एक केस,
फटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
अगदी अच्युतरावांनी दिला असता तसा
नीटस सांधा.

हसू आलं. खाली जाऊन दाखवावंसं वाटलं.
मग ब्लेडच्या टोकानं, श्वास धरून,
तो केस उचलला.

तहसीननं रीडर चालू केला,
खुर्ची मागे ओढली,
म्हणाली, आता विचार तिला.

मी विचारलं.