पावडर

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर
खानापूरला पिक्चरवाले आले
आणि हेडमास्तरांनी आम्हाला रांगेत उभं केलं,
हॉकी स्टिकसकट.
हरणाऱ्या मुली, रागीट मास्तर, शेवटी कप,
अशी गोष्ट होती.
संघ आमचाच घेतला, फुकट मिळत होता म्हणून.
कप त्यांनी पुण्याहून आणला होता.

हिरॉईनही पुण्याचीच. चांगली होती बिचारी,
लिमलेटच्या गोळ्या वाटायची.
पण पळायला लागली की स्टिक एकीकडे, ती एकीकडे.
डायरेक्टर म्हणाले, पाय दुसऱ्या कुणाचे तरी घेऊ.

पाय नातालीनचे घेतले.
नातालीन सिद्दी, जंगलाकडच्या वस्तीवरची.
सहा मैल चालून यायची
आणि तरी प्रार्थनेला पहिली.
मेकअपवाला तिच्या पुढ्यात उकिडवा बसला
नि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत
ओल्या स्पंजनं पावडर लावत राहिला,
भिंतीला चुना द्यावा तशी.
ती बघत होती, पाय दुसऱ्याचे असल्यागत.
"गुदगुल्या होतात गे,"
एवढंच म्हणाली.

निंगव्वा कडेनं ओरडायची, ओडऽ, ओडऽ!
म्हणजे पळ. आमच्या मैदानावर
पळायचं कानडीत, भांडायचं मराठीत,
कुणी ठरवलं नव्हतं.
डबिंगवाल्यांना ते 'ओढ' ऐकू आलं.
पिक्चरात निंगव्वा भलत्याच गोड आवाजात म्हणते,
"ओढ, वैदेही, ओढ!"
विहिरीवर असल्यासारखी.

मैरूनची मीरा झाली.
मी गोलकीपर. जिंकणार आम्हीच होतो,
त्यामुळे आमच्या गोलाकडे कॅमेरा फिरकलाच नाही.
एकदा माझं कोपर दिसतं.
त्या कोपरासाठी घरच्यांनी
बेळगावला जाऊन दोनदा तिकिटं काढली.
शेवटी नावं आली. आमच्या जागी,
'आणि गावातील मुली'.
कुठल्या गावातल्या, तेही नाही.
तेव्हा पाट्यांवरच्या गावांनाच डांबर फासत होते,
मुलींची नावं कोण विचारतो.

परवा नातालीननं नंदगडला बोलावलं.
निवृत्त झाली, पण शिट्टी गळ्यातच,
पोरींना हॉकी शिकवते.
एकीनं ते पिक्चर फोनवर शोधलं होतं.
पंधरा डोकी, एक फोन.
फायनल आली. पाय पळायला लागले.
मी म्हटलं, थांबव. जरा मागं घे. इथं.

पिंढरीवर घाम उतरला होता,
पावडर वाहून गेली होती,
दोन बोटं रुंद, एकच ओघळ,
आणि त्यातून नातालीन दिसत होती.
चाळीस वर्षं तिथंच होती.
कापणाऱ्यानं बघून मुद्दाम ठेवली असेल काय?
मला तसं वाटून घ्यायला आवडतं.
"त्याला दिसलंच नसणार,"
नातालीन म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.
बराच वेळ पुसला.

पिक्चर पुढं गेलं. कप आला, हिरॉईन हसली.
तिच्याच वस्तीवरची एक बारकी पोर,
केसांना लाल रिबीन, बुटाची नाडी सुटलेली,
म्हणाली, "मॅडम, पाय तुमचे, मग तोंड कुणाचं?"
"तिचंच. तिला पण कायतरी पाहिजे की."

मग शिट्टी. पाच फेऱ्या.
ती बारकी नाडी न बांधताच सुटली,
पहिल्या वळणावरच सगळ्यांच्या पुढं,
आणि माझ्या तोंडून,
साठी उलटलेल्या गोलकीपरच्या तोंडून आलं,
ओडऽ!