तेवीस

आयर्विनपाशी पाणी सत्तेचाळीस फुटांवर गेलं
तेव्हा आक्का म्हणाली, आधी सन्मतीची ट्रंक.

सन्मती बंगळूरला. अकरा वर्षं.
मी गावभागातल्या उंबऱ्यात, घोटाभर पाण्यात,
एका हातात शेगडी, दुसऱ्यात चटणीचा डबा.
ट्रंक माळ्यावर चढवली मीच.
जिन्यात तीनदा टेकवली.
पलंगाखाली माझी पिशवी राहिली:
टायपिंगचं सर्टिफिकेट, भरतकामाचे सहा रुमाल.
नंतर गाळात चार सापडले.
आक्का खराट्यानं गाळ ओढता ओढता म्हणाली,
"तुझं काय गं, तू हुतीसच की हितं."

साधं वाक्य.
फडक्यासारखं पिळतेय तेव्हापासून,
अजून पाणी निघतंय.

मार्केट यार्डात आप्पांच्या काट्यावर
हळदीचे व्यापारी डोळे मिटून विसंबायचे.
घरात सायकल एकच आली,
मधल्या दांडीची.

तो सातव्या महिन्यातला.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कापसात गुंडाळलेला,
आक्का चाळीस रात्री त्याचा श्वास मोजत बसलेली.
मी जन्मले ती बोंबलतच.
माझं प्रकरण तिथंच मिटलं.

असं मी स्वतःला समजावते.
मग आठवतं, बारावीत तो पावणेसहा फूट होता,
कृष्णेत या काठावरून त्या काठाला जायचा,
तरी रात्री उठून आक्का
त्याच्या नाकाशी बोटं धरायची.
मी पलीकडच्या अंथरुणात
श्वास रोखून पडायची.
एकदा साठपर्यंत मोजलं.
मग घ्यावाच लागला.

परवा झुरळं झाली म्हणून ट्रंक खाली काढली.
स्काउटचा पट्टा, चौथीच्या स्कॉलरशिपचं पत्र,
कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी.
हलवली तर खुळखुळली.
दुधाचे दात.
फरशीवर ओतले, मोजले. तेवीस.
परत मोजले.

दुधाचे वीसच असतात माणसाला.

आक्का आत झोपलेली, तोंड उघडं.
जाऊन विचारावं वाटलं. नाही विचारलं.
ते तीन तेवढे बाजूला काढू म्हटलं,
पण कुठले ते ओळखू येईनात.
सगळे सारखेच पिवळे.

भरले परत डबीत.
ट्रंक माळ्यावर गेली,
जून लागायच्या आत.