दर हजारी एकोणीस

तन्वेशचं यंत्र मानशीच्या खांबाला बांधलेलं,
तळहाताएवढं, राखाडी,
दर दहा मिनिटांनी पाण्याची चव घेतं
आणि थुंकत नाही, लिहून ठेवतं.

माझं यंत्र म्हणजे बेचाळीस प्रश्न,
प्लास्टिकच्या फाइलीत,
रायबंदरहून फेरीबोटीने येताना कोपऱ्यांवर भिजलेले.
तो भौतिकीचा, मी समाजशास्त्राची,
अनुदानं वेगळी, पेनांचे रंग वेगळे,
चोडणात उतरल्यावर चिखल तेवढा एक.

प्रश्न सतरा : मानस कधी उघडायची हे कोण ठरवतं?
कुटुंबप्रमुख, कोमुनिदाद, पंचायत, इतर.
कायतानने चारही पर्याय नीट ऐकून घेतले,
बांधावरून खाली पाहिलं, म्हणाला, "उदक."
मी 'इतर'वर खूण केली.
पुढची ठिपक्यांची रेघ दीड इंच होती.
चंद्र, भरती, त्याचा बाप, बापाचा बाप
मी तिच्यावर दाटीवाटीने बसवले
आणि 'उदक' लिहायचं राहूनच गेलं.

डिसेंबरात, ताळगावच्या पठारावर,
तन्वेशने आलेख उघडला.
चार, साडेचार, चार :
पावसाळाभर म्हशीसारखं पडून राहिलेलं खारटपण.
आणि मग तेरा सप्टेंबर, पहाटे दोन चाळीस.
दर हजारी एकोणीस.
उजाडेपर्यंत तसंच.
"सेन्सरवर शेवाळ बसलं असणार," तो म्हणाला,
"किंवा खेकडा. काढून टाकू."
मी म्हटलं, थांब.
का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.
(प्रबंधात हे वाक्य लिहिता येत नाही.)

घरी येऊन वही काढली.
बारा सप्टेंबर. माझंच अक्षर, घाईचं :
'मुलाखत नाही. पिएदाद बाय संध्याकाळी वारली.
अख्खा वाडा तिथेच. शेवटच्या फेरीने परत.'
आणि समासात कोड, नव्व्याण्णव,
प्रतिसाद उपलब्ध नाही.

त्या रात्री फळ्या टाकायला कोणी गेलं नव्हतं.
अवसेची भरती आली, दार उघडं दिसलं,
आत शिरली.
पोटरीवर आलेल्या कोरगुटात उभी राहिली सकाळपर्यंत.

तसं असेल तर नुकसान दिसायला हवं.
प्रश्न तेवीस : यंदा खाऱ्या पाण्याने पीक गेलं का?
मानशीखालच्या अकरा घरांचे फॉर्म जमिनीवर पसरले.
नाही. नाही. नाही.
रुझारच्या म्हातारीने तर 'नाही'वर मला दोनदा गिरवायला लावलं होतं,
आणि तिच्याच अंगणात भात पाखडताना मी पाहिलेलं,
निम्मं पोचट,
सुपातून उडालेला कोंडा माझ्या चष्म्यावर.
शाबा गावस म्हणाला होता, "बरं पिकलं,"
आणि त्याच श्वासात, "चहा घेशील मगो?"

मार्गदर्शक म्हणाल्या, ही कमी-नोंद.
उत्तर देणाऱ्याचा कल. त्यावर सुधारणेचं सूत्र आहे.
सूत्र बरोबरच आहे, मी दोनदा करून पाहिलं.
त्यात अकरा घरं घातली
की अकरा घरं खोटी निघतात.

जानेवारीत आलेख छापून नेला.
कायतान जाळं सांधत होता. हात पुसून कागद घेतला,
आधी उलटा धरला, मग सुलटा,
नखाने रेघेवरून चालत गेला, जून, जुलै, ऑगस्ट,
आणि मी काही बोलायच्या आत
सुळक्यापाशी थांबला.
बराच वेळ.
"सगळ्यांक खबर आसा?"
मी उत्तर दिलं नाही.
समोर शाबा चवळीला पाणी घालत होता,
आमच्याकडे पाठ करून,
एकाच वाफ्याला, कधीचा.

मांडवीच्या मधोमध तन्वेशचा मेसेज आला :
तो बिंदू ठेवू की काढू?
अकरा 'नाही' मी होते तसेच ठेवले होते.
लिहिलं, ठेव.
कारण?
इतर.
आणि मग, फेरी धक्क्याला लागता लागता,
रेघ किती लांब देशील?