अजून वल हाय

मशीन म्हणतंय शून्य.
तीनदा शीळ घालून, दिवा विझवून
काम झाल्यासारखं गप्प बसलंय.
मी दार उघडतो, पहिला टॉवेल गालाला लावतो.
अजून वल हाय.

मी बाईमाणूस. पण आमच्या कोल्हापुरात बायकाही
येतो, जातो, धुतो, वाळवतो म्हणतात.
हेल्पलाइनवरची पोरगी लांबची असावी,
आवाज ऐकूनही गोंधळली,
शेवटपर्यंत मला सर म्हणत राहिली.

सर, जाळी साफ केलीत का?
केली. करड्या धाग्यांचा एक अख्खा उंदीर निघाला.
सर, मागचा पाइप दबलाय का?
दिराच्या पोराला स्टुलावर चढवून पाइप उतरवला, झटकला, परत लावला.
गरम वारा भसाभस बाहेर जात होता.
बोळातलं मांजर रोज तिथंच का बसतं
ते तेवढं कळलं.
सर, कपडे जास्त भरताय का?
इथं मी जरा थांबलो.
ताराबाई रोडच्या लॉजच्या चाळीस चादरी, साठ टॉवेल,
श्रावणातला शुक्रवार तोंडावर.
तरी निम्मं भरून बघितलं.
निम्मं वलं निघालं.

तक्रार नोंदवली आहे सर,
आमचा माणूस सात ते दहा दिवसांत.

सात दिवसांत चादरीवर बुरशीचे नकाशे उमटतात.
लॉजचे पोतनीस दारात उभे, छत्री न मिटता:
वैनी, गिऱ्हाईक म्हणतंय, टॉवेलाला कुत्र्याचा वास येतोय.
कुठल्या कुत्र्याचा, ते विचारायचं राहिलं.

मग उद्यमनगरातनं दिलावर मुजावर आला.
माणसांशी मोठ्यानं, मशीनशी हळू बोलणारा.
कॉइलला मीटर लावला, पट्टा ओढून बघितला,
ड्रम हातानं फिरवून कान दिला.
चहा घेतला. बशी खाली ठेवून म्हणाला,
वैनी, ही तापतीया, फिरतीया, वारा बी सोडतीया.
हिला फकस्त कळंना झालंय.

आत, दाराच्या ओठाशी
दोन पत्र्याच्या पट्ट्या, बोटाएवढ्या.
वलं कापड घासून गेलं की हिला समजतं, अजून.
कोरडं घासलं की समजतं, बास.
दिलावरनं एक पट्टी नखानं खरवडली.
नखात मेण आलं, आणि मोगऱ्याचा वास.

तो मीच घातलेला. दर खेपेला दोन टोपणं.
चादरी घमघमल्या पाहिजेत, पोतनीस म्हणालेले.
थरावर थर बसला.
ही बिचारी वल चाचपायची,
बोटांना मोगराच लागायचा,
म्हणायची, वाळलं.

मामंजी धुण्याच्या चावीवर चाळीस वर्षं
सोड्यात हात घालून उभे राहिले.
बोटांची साल अशी जाड, की इस्त्रीचा चटकाही
त्यांच्यापर्यंत उशिरा पोचायचा.
कापड वाळलं का बघायला ते बोटं वापरायचेच नाहीत.
दोरीवरचा सदरा चालता चालता गालावर घ्यायचे.
नवी होतो मी. वाटायचं,
म्हातारा लोकांच्या कपड्यांचे मुके घेतो की काय.
एकदा हसलो, तर म्हणाले,
हात मेलाय गं. तोंड अजून जित्तं हाय.

दिलावरनं स्पिरिट मागितलं, फडकं मागितलं.
त्यांचीच एक बंडी होती कपाटात. फाडली.
पट्ट्या पुसल्या, परत पुसल्या,
नव्या पैशासारख्या निघाल्या.
दोनशे घेतले त्यानं,
आणि मोगऱ्याचा कॅन पायानं कोपऱ्यात सरकवून गेला.

रात्री दहाला टॉवेल भरले.
आकडे उलटे मोजत चालले, पंचवीस, चोवीस, वीस,
आणि वीसचे परत अठ्ठावीस झाले.
एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच
तिनं स्वतःचं बोलणं मागं घेतलं.
मी स्टुलावर बसून राहिलो.
बाहेर पाऊस, बोळात मांजर,
भिंतीपलीकडं कुणाच्या तरी टीव्हीवर
पंचगंगेची पातळी सांगत होते.

शीळ झाली. दार उघडलं.
गाल लावला.
मध्ये कोरडा, भाकरीसारखा गरम.
कडेला, शिलाईच्या दुमडीत
जराशी, अगदी जराशी.

दहा मिनिटं वाढवली.